दिव्यांग मुलाच्या शिक्षणाचा हक्क: अकलूजहून मागायचा तर खर्च किती?

"आमच्याकडे त्याला जमणार नाही, तुम्ही त्याला स्पेशल शाळेत घाला." अकलूज असो, वेळापूर असो की नातेपुते, दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. ते तोंडी सांगितलं जातं, कागदावर काही येत नाही. मग घरी विचार सुरू होतो: भांडायचं तर वकील लागणार, वकील म्हणजे पैसा, कोर्ट म्हणजे तारखा. बरेच पालक इथंच गप्प बसतात आणि मूल घरी बसतं.

हा लेख त्या पालकांसाठी आहे. कायद्याच्या बहुतेक पायऱ्यांना फी नाही, आणि वकिलाची गरज तर फार उशिरा पडते. पैसा जातो तो हेलपाट्यांत, बुडालेल्या रोजात आणि पोच न घेतल्यामुळं पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागणाऱ्या कामात. म्हणून पायऱ्यांचा क्रम नीट लावला, तर शेकड्यांत भागणारं काम हजारांत जात नाही.

कायदा काय देतो

तीन कायदे लक्षात ठेवा.

पहिला, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग यांच्या जोडीला स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल हेही आहेत. कलम ३१ प्रमाणं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत जायचं की विशेष शाळेत, ही निवड मुलाची आणि पालकांची. शाळेनं ती लादायची नाही. कलम १६ नुसार सरकारी मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेत, म्हणजे खाजगी शाळेतही, भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेप्रमाणं सोयी मिळाल्या पाहिजेत.

दुसरा, शिक्षण हक्क कायदा २००९. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा, मुलाखत घेणं यात गुन्हा आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही २०१२ च्या दुरुस्तीनं दिला. पण तो पर्याय पालकांनी मागायचा असतो. शाळेनं मूल टाळण्यासाठी तो पुढं करायचा नसतो.

तिसरा, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. याबद्दल पुढं सविस्तर येईलच.

एक गैरसमज आधीच दूर करू. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत मूल घातलं की दिव्यांग म्हणून तिथली फी आपोआप माफ होत नाही. तिथं मोफत जागा हवी असेल तर २५ टक्के आरक्षणाच्या ऑनलाइन सोडतीत अर्ज करावा लागतो. त्यात दिव्यांग बालक वंचित गटात मोडतं, त्याला उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. फी भरून शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट पक्की धरा. केंद्राच्या २०१७ च्या नियमांतला नियम ३ सांगतो की दिव्यांग व्यक्तीसाठी करायच्या वाजवी सोयीचा खर्च संस्थेनं त्या व्यक्तीवर थोडाही लादू नये. "रॅम्प बांधू, पण अर्धे पैसे तुम्ही द्या" किंवा "मदतनीस शिक्षिका ठेवा आणि तिचा पगार तुम्हीच करा" असं सांगितलं जात असेल, तर ते लेखी मागा. तो कागद पुढं तुमच्या बाजूनं उभा राहील.

पहिली पायरी: प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

सरकारी फी: काही नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, रुग्णालय निवडायचं आणि बोलावतील त्या दिवशी तपासणीला जायचं. मोबाइलवरून स्वतः अर्ज केला तर खर्च शून्य. सेवा केंद्रातून भरून घेतला तर केंद्रचालक आपली फी घेईल. फोटो, स्कॅन, प्रिंट धरून ती आधीच विचारून घ्या.

खरा खर्च सोलापूरच्या फेऱ्यांचा. अकलूजपासून सोलापूर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. सिव्हिलमध्ये एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाता जाता दिवस संपतो आणि "ऑडिओमेट्री पुढच्या वारी" असं ऐकून परत यावं लागतं. ते टाळायचं तर निघण्यापूर्वी फोन करून दोन गोष्टी विचारा: आपल्या प्रकारच्या दिव्यांगत्वाचं मंडळ कोणत्या वारी बसतं, आणि त्या तज्ज्ञाला कोणते जुने रिपोर्ट लागतात. आधार कार्ड, जन्मदाखला, फोटो, जुने केसपेपर हे सगळं एका फाइलमध्ये, मूळ प्रत आणि झेरॉक्स असं ठेवा.

अध्ययन अक्षमतेच्या मुलांच्या पालकांनी वयाकडं लक्ष द्यावं. हे प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचं झाल्यावर मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. खाजगी मानसतज्ज्ञाकडं सगळ्या चाचण्या करायच्या तर काही हजार रुपये जातात. तो अहवाल उपयोगी पडतो, पण तो प्रमाणपत्र नव्हे. शाळा आणि बोर्ड सरकारी प्रमाणपत्रच धरतात. म्हणून आधी सरकारी तपासणीला नंबर लावा आणि तिथं खाजगी अहवालाची गरज पडली तरच पैसे खर्च करा.

दिव्यांग हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर अर्जापासून तीन महिन्यांत प्रमाणपत्र देणं अपेक्षित आहे. टक्केवारी कमी लागली किंवा अर्ज नाकारला, तर ९० दिवसांत अपील करता येतं. आणि "एवढे द्या, चाळीस टक्के करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातही उभं करू नका. खोट्या प्रमाणपत्रावर लाभ घेणाऱ्याला दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात एजंट सुटतो आणि कुटुंब अडकतं.

दुसरी पायरी: मुख्याध्यापकांना अर्ज

खर्च: दोन कागद, एक झेरॉक्स.

शाळेशी बोलणं तोंडी राहू देऊ नका. अर्ज साध्या मराठीत, एका पानात लिहा. नमुना असा:

*प्रति, मा. मुख्याध्यापक, (शाळेचं नाव), अकलूज.*
*विषय: दिव्यांग विद्यार्थ्यासाठी सोयी मिळणेबाबत.*
*महोदय, माझा मुलगा / मुलगी इयत्ता ___ मध्ये शिकत आहे. दिव्यांगत्वाचा प्रकार ___, टक्केवारी ___, यूडीआयडी क्रमांक ___. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ व १७ प्रमाणे पुढील सोयी मिळाव्यात: (१) तळमजल्यावरील वर्ग, (२) परीक्षेत जादा वेळ, (३) विशेष शिक्षकाची नियमित भेट व तिची नोंद. यापैकी एखादी सोय देता येत नसल्यास कारण लेखी कळवावे.*
*सोबत: प्रमाणपत्राची प्रत. दिनांक, सही.*

मागण्या तीन-चारच ठेवा आणि मोजता येतील अशा ठेवा. "मुलाकडे लक्ष द्यावे" असं लिहिलं की उत्तर येतं "लक्ष देतो". "आठवड्यातून एकदा विशेष शिक्षकाची भेट" असं लिहिलं की ती झाली का नाही, हे कुणालाही तपासता येतं.

आता पोच. तुमच्या प्रतीवर चार गोष्टी आल्या पाहिजेत: आवक क्रमांक, तारीख, घेणाऱ्याची सही आणि शाळेचा शिक्का. नुसती सही असेल तर पुढं "कुणाची सही आहे माहीत नाही" असं म्हणता येतं. लिपिक म्हणाले, "ठेवून जा, सर आले की देतो," तर नम्रपणे सांगा, "मी थांबते, पोच घेऊनच जाते." तरीही पोच मिळाली नाही तर त्याच दिवशी अकलूजच्या टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टनं अर्ज पाठवा. शंभर रुपयांच्या आत काम होतं. पावती अर्जाच्या प्रतीलाच टाचून ठेवा, सुटी ठेवली तर हरवते.

भेदभावाची तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं कारवाई करावी किंवा लेखी कारण द्यावं, असं केंद्राचा नियम ३ सांगतो. तक्रार कधी दिली हे पोचेवरच्या तारखेवरूनच दाखवता येतं, म्हणून त्या शिक्क्याला एवढी किंमत आहे.

तिसरी पायरी: माळशिरस पंचायत समिती

फी: काही नाही. प्रवास: तालुक्याची एक फेरी.

शाळेनं ऐकलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं तक्रार करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणं स्थानिक प्राधिकरणानं तक्रारदाराला म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील जातं. त्यालाही फी नाही.

याच फेरीत गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी साहित्य, प्रवास भत्ता, सोबत येणाऱ्या मदतनिसाचा भत्ता आणि घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये विद्यावेतन आहे. या सगळ्यासाठी मुलाचं नाव शाळेच्या यू-डायस नोंदीत दिव्यांग म्हणून भरलेलं असलं पाहिजे. कित्येकदा ते भरलेलंच नसतं आणि म्हणून वर्षभर काही मिळत नाही. "यू-डायसमध्ये नोंद झाली का?" हा प्रश्न मुख्याध्यापकांना दर जूनमध्ये विचारा.

चौथी पायरी: माहितीचा अधिकार

खर्च: अर्जाला १० रुपये, कागदांच्या प्रतींना पानामागं २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही.

ज्याचं उत्तर शाळा देत नाही ते इथून मिळतं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि अर्ज पंचायत समितीच्या शिक्षण विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांना द्या. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्न नेमके हवेत:

– माळशिरस तालुक्यात विशेष शिक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती?
– अमुक शाळेला गेल्या १२ महिन्यांत विशेष शिक्षकांनी दिलेल्या भेटींच्या तारखा काय?
– त्या शाळेसाठी दिव्यांग विद्यार्थ्यांच्या नावे मंजूर झालेलं साहित्य आणि भत्ते किती?

शाळा खाजगी असली तरी तिची मान्यतेची कागदपत्रं आणि तपासणी अहवाल शिक्षण विभागाकडं असतात, ते तिथून मागता येतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा.

भेटींच्या तारखांचा तो एक कागद पुढच्या प्रत्येक सुनावणीत उपयोगी पडतो. "आम्ही नियमित जातो" या म्हणण्यापुढं वर्षातल्या दोनच तारखा ठेवल्या की फार बोलावं लागत नाही.

पाचवी पायरी: पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त

फी: काही नाही. वकील: लागत नाही.

राज्य आयुक्तांचं कार्यालय पुण्यात चर्च रोडवर आहे. साध्या कागदावर अर्ज करा आणि आतापर्यंतच्या पोचा, प्रमाणपत्र, माहिती अधिकारातली उत्तरं तारखेच्या क्रमानं जोडा. पहिल्या पानावर तारखांची यादी द्या: कधी अर्ज दिला, कधी उत्तर आलं, कधी आलं नाही. सुनावणी घेणाऱ्याला पूर्ण प्रकरण एका नजरेत दिसलं पाहिजे.

साक्षीदारांना बोलावणं, कागद मागवणं यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केल्यावर संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत कारवाई कळवायची असते, आणि शिफारस मान्य नसेल तर कारण द्यायचं असतं. एक मर्यादा मात्र ओळखून असा: ही शिफारस आहे, न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे. तरीही बहुतेक शाळा आणि कार्यालयं आयुक्तांची नोटीस आल्यावर हलतात, कारण तोवर त्यांना लेखी उत्तर द्यावंच लागलेलं नसतं.

अकलूजहून पुणं दीडशे किलोमीटरहून जास्त आहे. अर्ज टपालानं पाठवा. सुनावणीची नोटीस आली की व्हिडिओद्वारे हजर राहायची परवानगी लेखी मागा. दिव्यांगत्व आणि अंतर, ही दोन कारणं त्यासाठी पुरेशी आहेत.

मोफत वकील कसा मिळवायचा

खर्च: काही नाही.

विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये दिव्यांग व्यक्ती, महिला आणि बालक यांची नावं स्वतंत्रपणे आहेत आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे नोकरदार घरातल्या दिव्यांग मुलालाही हा हक्क आहे. माळशिरसच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कुठंही अर्ज करता येतो. आधी फोनवर सल्ला हवा असेल तर १५१०० हा क्रमांक देशभर चालतो, त्याला पैसे पडत नाहीत.

मोफत मदतीत फक्त वकिलाची फी येते असं नाही. कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, टायपिंग, निकालाच्या प्रमाणित प्रती हेही त्यात येतं. नेमलेल्या वकिलांचं मानधन प्राधिकरण देतं. त्यांनी तुमच्याकडं पैसे मागितले, किंवा ते तारखेला उभेच राहत नसतील, तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवून दुसरे वकील मागता येतात.

फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, असा समज आपल्याकडं आहे. खरं तर दिव्यांग हक्कांचं काम रोज करणारे वकील खाजगीतही तालुक्याच्या ठिकाणी कमीच. म्हणून वकील कुणीही असो, फाइल तुमची भक्कम हवी. तारखेनं लावलेली फाइल हातात आली की नवख्या वकिलालाही मुद्दा मांडता येतो.

खाजगी वकील करायचा झाला तर

फीचा सरकारी दर नाही. माळशिरसला एक, सोलापूरला दुसरी, उच्च न्यायालयात तिसरी. म्हणून पैसे देण्याआधी हे विचारा आणि उत्तरं कागदावर घ्या:

– फी पूर्ण कामाची की तारखेवर?
– नोटीस, टायपिंग, झेरॉक्स, स्टॅम्प हे फीत धरलं आहे का?
– बाहेरगावच्या तारखेला प्रवासखर्च वेगळा लागणार का?
– अंतरिम आदेशासाठी वेगळी फी आहे का?
– काम मधेच सुटलं तर किती परत?

फक्त एक वकिली नोटीस पाठवायची असेल तर पूर्ण खटल्याची फी देऊ नका. बऱ्याच प्रकरणांत शाळा नोटिशीनंतर बोलणीला येते. आणि वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी आयुक्तांकडं अर्ज झाला आहे का, हे स्वतःला विचारा. फुकटची पायरी सोडून विकतच्या पायरीवर चढायची घाई करू नका.

उच्च न्यायालय आता कोल्हापूरला

सोलापूरकरांना पूर्वी रिट याचिकेसाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्यात आला. मुक्कामाचा खर्च त्यामुळं बराच वाचतो. इथंही विधी सेवेतून मोफत वकील मागता येतो. अर्ज सोलापूरच्या प्राधिकरणामार्फत करता येतो.

इथं यायचं ते वेळ निघून चाललेली असताना: प्रवेशाची मुदत संपत आली आहे, परीक्षा तोंडावर आहे. अशा वेळी वकिलांना आधी अंतरिम आदेश मागायला सांगा. २०२४ मध्ये ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला वाचा-दोषाची टक्केवारी पुढं करून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयानं आधी एक जागा रिकामी ठेवायला सांगितली, मग वैद्यकीय मंडळाकडून तो अभ्यासक्रम झेपेल का हे तपासून घेतलं आणि प्रवेश दिला. ती जागा राखली गेली नसती, तर निकाल त्याच्या बाजूनं लागूनही वर्ष वाया गेलं असतं. टक्केवारी बघून परस्पर नाकारता येत नाही, विद्यार्थी शिकू शकतो का हे पाहावं लागतं, हा त्या निकालातला मुद्दा शाळेच्या प्रकरणातही मांडता येतो.

दहावी-बारावीच्या सवलती: फी नाही, पण मुदत कडक

राज्य मंडळ दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटं जादा वेळ, गरजेप्रमाणं लेखनिक, गणकयंत्र अशा सवलती देतं. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. प्रस्ताव शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडं जातो. पालकांनी नववीतच प्रमाणपत्राचं काम उरकावं आणि दहावीच्या जूनमध्ये प्रस्तावाचा अर्ज देऊन पोच घ्यावी. परीक्षेला जाताना मंडळाच्या मंजुरीपत्राची प्रत जवळ हवी, आणि केंद्रसंचालकांना ती आदल्या दिवशीच दाखवलेली बरी.

उशीर किती महाग पडतो हे अवनी प्रकाश प्रकरणातून कळतं. लिहिण्याची अक्षमता असलेल्या या विद्यार्थिनीला २०२१ च्या नीट परीक्षेत एक तास जादा मिळायला हवा होता. केंद्रावर तो दिला गेला नाही. २३ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, परीक्षा यंत्रणेला एका आठवड्यात उपाय शोधायला सांगितलं, पण तिची परीक्षा पुन्हा घ्यायला लावली नाही. परीक्षेत गेलेला तास देशातलं सर्वोच्च न्यायालयही परत देऊ शकत नाही. म्हणून या कामाला आदल्या वर्षीच लागायचं.

मारहाण, अपमान झाला तर

वर्गात शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायला शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ बंदी घालतं. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं, मारणं, धमकावणं हा दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवायला पैसे लागत नाहीत, फिर्यादीची प्रतही मोफत मिळते. मुलाला आधी उपजिल्हा रुग्णालयात दाखवून केसपेपर घ्या, मग ठाण्यात जा.

प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजाचा हिशेब

एसटीत दिव्यांग प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सोबत्याला ५० टक्के. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं भाडं आहेच. म्हणजे १०० रुपये तिकिटाच्या अंतराला मुलाचे २५ आणि आईचे ५० असे ७५ रुपये पडतात. यूडीआयडी कार्ड जवळ ठेवा.

तिकिटापेक्षा रोज महाग पडतो. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. तोच धरला तरी आईवडील दोघं एक दिवस गेले की ६२४ रुपये बुडाले. म्हणून प्रत्येक फेरीला दोघांनी जायची गरज आहे का ते ठरवा, आणि एका फेरीत दोन कामं बसवा: माळशिरसला पंचायत समिती आणि विधी सेवा समिती, सोलापूरला रुग्णालय आणि जिल्हा परिषद.

साहित्याच्या खर्चासाठी आणखी एक दार आहे. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अकलूज नगरपरिषदेत, आसपासच्या गावी असाल तर ग्रामपंचायतीत, साहित्यासाठी अर्ज द्या. त्या निधीचा वर्षाचा हिशेबही माहितीच्या अधिकारात मागता येतो.

मूल अठरा वर्षांचं होताना

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता असलेल्या मुलाचे आईवडील अठरा वर्षांनंतर कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. बँक, निवृत्तिवेतन, मालमत्ता इथं अडतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. नोंदणी दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० आणि इतरांना ५०० रुपये.

चौकट: एका नजरेत खर्च

– प्रमाणपत्र, यूडीआयडी: मोफत, प्रवास आणि झेरॉक्स वेगळे
– शाळेला अर्ज: झेरॉक्स, पोच न मिळाल्यास स्पीड पोस्ट, शंभरच्या आत
– गटशिक्षणाधिकारी, बालहक्क आयोग: मोफत
– माहितीचा अधिकार: १० रुपये, पहिलं अपील २० रुपये
– दिव्यांग कल्याण आयुक्त: मोफत
– विधी सेवेचा वकील: मोफत, उत्पन्नाची अट नाही
– पोलीस फिर्याद: मोफत
– निरामय विमा: २५० किंवा ५०० रुपये
– खाजगी वकील, खाजगी चाचण्या: आधी विचारून, पावती घेऊन

एकट्यानं लढू नका

खर्च कमी करायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दुसरे पालक शोधणं. एकाच शाळेत किंवा शेजारच्या दोन शाळांत तीन-चार दिव्यांग मुलं असतातच. सर्वोच्च न्यायालयानं रजनीश कुमार पांडे प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ ला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला १० मुलांमागं एक, त्यापुढच्या वर्गांत १५ मुलांमागं एक. मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदं जाहीर करायला सांगितलं. हे प्रमाण एका मुलाच्या अर्जावर मांडता येत नाही, दहा मुलांच्या अर्जावर मांडता येतं.

म्हणून माहितीचा अर्ज एका पालकानं करावा, माळशिरसची फेरी दुसऱ्यानं मारावी, पुण्याच्या अर्जावर सगळ्यांनी सह्या कराव्यात. शेपाचशेचा खर्च चौघांत वाटला जाईल. आणि मुख्य म्हणजे मिळालेला शिक्षक एका मुलापुरता राहणार नाही. पुढच्या जूनमध्ये त्या शाळेच्या पायरीवर येणाऱ्या नव्या आईला "स्पेशल शाळेत घाला" हे ऐकावं लागणार नाही, यासाठी या जूनमध्ये चार पालकांनी एकत्र बसून एक अर्ज लिहायचा आहे.